‘सेक्स रॅकेटचा पर्दाफाश’: नागपुरातल्या अशा बातम्या वाचायच्या कशा?

तर्रीपोहे
दर आठ-पंधरा दिवसांनी शहराच्या पानावर एक बातमी हमखास असते. स्पा, सलून, लॉज किंवा भाड्याचा फ्लॅट. बनावट ग्राहक पाठवला, इशारा मिळताच पथक आत शिरलं, दोन ‘पीडित’ तरुणींची सुटका, एक दलाल अटकेत, मोबाइल व रोख मिळून इतक्या हजारांचा मुद्देमाल जप्त. ठिकाण आणि आकडे बदलतात, मजकूर तोच राहतो.

माझं म्हणणं असं की ही बातमी छाप्यापाशीच संपते आणि खरा प्रश्न तिथून सुरू होतो. ती मुलगी सज्ञान होती का? कुणी आणली होती की स्वतः आली होती? आता ती कुठे आहे? दलालावर नेमकं कोणतं कलम लागलं आणि खटल्याचं काय झालं? यातलं काहीच कळत नाही. मग चौकात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर जी चर्चा होते ती ‘शहर बिघडलं’ आणि ‘सगळं कायदेशीर करून टाका’ या दोन टोकांमध्येच फिरत राहते.

कायदा, पोलिसी काम, पुनर्वसन किंवा वृत्तपत्राचा डेस्क जवळून माहीत असणाऱ्यांनी लिहावं. अशी बातमी समोर आली की वाचकाने त्यात काय शोधायचं?

कलम_नोंद
आधी कलमं बघायची. बातमीत ‘पिटा’ एवढंच असेल तर त्यावरून काहीच कळत नाही. पिटा म्हणजे अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम, 1956 चा. त्यात देहविक्रय हा स्वतः गुन्हा नाही. कुंटणखाना चालवणं (कलम 3), दुसऱ्याच्या कमाईवर जगणं (4), या धंद्यासाठी कुणाला आणणं, मिळवणं (5), डांबून ठेवणं (6) हे गुन्हे आहेत. बाईवर थेट येतात ती कलमं 7 आणि 8. धार्मिक स्थळ, शाळा, वसतिगृह, रुग्णालय अशा ठिकाणांपासून 200 मीटरच्या आत व्यवसाय आणि सार्वजनिक जागी गिऱ्हाईक बोलावणं.

त्यामुळे बातमीत 3, 4, 5 दिसलं तर कारवाई चालवणाऱ्यावर आहे. फक्त 8 दिसलं तर रस्त्यावर उभ्या असलेल्या बाईलाच उचललंय. 6 दिसलं, किंवा भारतीय न्याय संहितेचं 143 दिसलं, तर प्रकरण डांबण्याचं किंवा तस्करीचं आहे. या तिन्ही बातम्यांचा मथळा मात्र एकच असतो.

143 म्हणजे जुन्या भारतीय दंड विधानाचं (भादंवि) 370. फसवून, धाक दाखवून, पैसे किंवा आमिष देऊन शोषणासाठी माणसाची भरती, वाहतूक, आसरा, हस्तांतरण. शिक्षा किमान 7 वर्षं. पीडित एकाहून जास्त असतील किंवा मूल असेल तर 10 वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. पिटाच्या कलम 8 ला पहिल्या वेळी कमाल सहा महिने किंवा 500 रुपये दंड, किंवा दोन्ही. हे दोन गुन्हे एकाच तराजूत तोलले जातात ती मथळ्याची कृपा.

सक्करदरा
आणि जप्तीच्या यादीत ‘कंडोमची पाकिटे’ हटकून छापतात. ते कशाला?

कलम_नोंद
@सक्करदरा, अगदी बरोबर प्रश्न. 19 मे 2022 च्या बुद्धदेव करमसकर प्रकरणातल्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलंय की ही आरोग्याची साधनं गुन्ह्याचा पुरावा म्हणून धरायची नाहीत. पोलीस ती जप्त करतात आणि पेपर ती छापतात, म्हणून लॉजवाले आणि घरवाल्या (कुंटणखाना चालवणाऱ्या बाया) खोलीत पाकीट ठेवायला घाबरतात. एड्स नियंत्रणाचं वर्षानुवर्षांचं काम त्या एका ओळीने मागे जातं.

डेस्कवरचा_दिवा
मजकूर तोच का असतो ते सांगतो. प्रसिद्धिपत्रक बहुतेक संध्याकाळनंतर गुन्हे वार्ताहरांच्या ग्रुपवर पडतं. पथकातल्या अधिकाऱ्यांची नावं शेवटी ओळीने असतात. पान सुटायला दोन-अडीच तास उरलेले असतात. वार्ताहर पत्रक थोडं फिरवतो, उपसंपादक ‘हायप्रोफाइल’ शब्द वर चढवतो, झालं. दुसरी बाजू घ्यायला वेळ नसतो हे खरं, पण एक फोन तरी होऊ शकतो. तपास अधिकाऱ्याला पाच गोष्टी विचारायच्या: कलमं, वयाचा पुरावा कोणता, पंच कोण, महिला पोलीस किती होत्या, आणि मुलींना कुठे पाठवलं. पाच मिनिटांचं काम आहे.

पत्रकात कधी कधी मुलींचं नाव, वय, मूळ गाव आणि सध्याचा पत्ता सगळं असतं. ते डेस्कवरच गळलं पाहिजे. ‘नाव बदलले आहे’ असं लिहून खाली ‘अमुक तालुक्यातील अमुक गावची, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेली’ असं छापलं तर गावात कुणाला कळायचं राहतं? जिल्हा पुरे. परराज्यातली असेल तर राज्य पुरे.

नागनदी
@डेस्कवरचा_दिवा दादा, महिला पोलिसांचा मुद्दा फार मोलाचा आहे. कलम 15 प्रमाणे वॉरंटशिवाय झडती घेता येते, पण अटी आहेत. विशेष पोलीस अधिकारी निरीक्षकापेक्षा खालच्या दर्जाचा नको. परिसरातले दोन प्रतिष्ठित पंच, त्यातली एक तरी बाई. पथकात किमान दोन महिला पोलीस. मुलींची विचारपूस महिला अधिकाऱ्यानेच करायची, ती नसेल तर मान्यताप्राप्त संस्थेची महिला कार्यकर्ती हजर हवी. खटले पडतात ते इथे. तेच ते पंच प्रत्येक छाप्यात दिसतात, बचावाचा वकील जुने पंचनामे काढून दाखवतो आणि ‘सरावाचे पंच’ म्हणून त्यांची साक्ष उडते. बनावट ग्राहकाला दिलेल्या नोटांचे क्रमांक पंचनाम्यात आधी लिहिलेले नसतात. किंवा क्रमांक असतात, पण नोटा दलालाच्या खिशात न मिळता मुलीच्या पर्समध्ये मिळतात आणि पैसे घेणारा कोण हेच सिद्ध होत नाही.

आता ‘सुटका’ झाल्यावरचं. मुलीला ताबडतोब दंडाधिकाऱ्यांसमोर न्यायचं, ते शक्य नसेल तर जवळच्या दंडाधिकाऱ्यांसमोर. या जवळच्या दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने 10 दिवसांपेक्षा जास्त ताब्यात ठेवता येत नाही. मग कलम 17 ची चौकशी: वय, चारित्र्य, पूर्वायुष्य, घरी पाठवलं तर तिथे तिला कोण सांभाळणार आणि त्या घराचा तिच्यावर काय परिणाम होणार. चौकशीदरम्यानचा ताबा तीन आठवड्यांपर्यंत. दंडाधिकाऱ्यांना सल्ला द्यायला पाच जणांचं पॅनेल असतं, त्यात शक्यतो तीन बाया. त्यानंतर संरक्षणाची गरज आहे असं ठरलं तर एक ते तीन वर्षं संरक्षणगृहात.

एक ते तीन वर्षं! वाचणाऱ्याला वाटतं ‘सुटका’ म्हणजे ती त्याच रात्री घरी गेली. दलालाला बरेचदा काही आठवड्यांत जामीन होतो आणि ती कुलपाआड असते. घरी मूल असतं, म्हातारी आई असते, पैसे पाठवणं थांबतं. मग दलालच वकील देतो, सोडवून आणतो, आणि तो खर्च तिच्या डोक्यावर कर्ज म्हणून बसतो. ती परत त्याच्याच ताब्यात.

उंटखाना
हे कर्जाचं कोणीच छापत नाही जी. लोकाइले वाटते पोरगी परत गेली म्हंजे तिलेच धंद्याची आवड हाये.

धरमपेठी
सगळे फार मवाळ बोलताहेत. माझं मत कडक आहे. गरिबीने, नवऱ्याने टाकल्यामुळे, कर्जामुळे जी बाई इथे येते तिच्या ‘संमती’ला किती अर्थ आहे? स्वीडनने 1999 मध्ये विकत घेणाऱ्याला गुन्हेगार ठरवलं, विकणारीला नाही. आपल्याकडे गिऱ्हाइकाचा चेहरा झाकतात आणि बाईला रांगेत बसवून फोटो काढतात. मागणी मोडल्याशिवाय तस्करी मोडणार नाही. माध्यमांनी आधी गिऱ्हाइकाची बातमी करावी.

नागनदी
@धरमपेठी ताई, फोटोबद्दल शंभर टक्के सहमत. संमतीबद्दल मात्र थोडं थांबूया. कायद्यानेच दोन बाजू दिल्यात. 143 मध्ये पीडिताची संमती विचारातच घेतली जात नाही. आमिष, फसवणूक किंवा धाक होता हे दिसलं की पुरे. 18 खालच्या मुलीच्या बाबतीत तर संमती हा शब्दच नाही, थेट पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा. पण सज्ञान बाई समोर उभी राहून ‘मला कुणी आणलेलं नाही, मला जाऊ द्या’ म्हणते तेव्हा तिला दोन वर्षं डांबून कुणाचं भलं होतं? सप्टेंबर 2020 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. पृथ्वीराज चव्हाण यांनी अशाच तीन तरुणींना संरक्षणगृहातून सोडायचा आदेश दिला. सज्ञान स्त्रीला आपला व्यवसाय निवडण्याचा हक्क आहे आणि तिच्या इच्छेविरुद्ध तिला डांबता येत नाही, असं त्यात म्हटलंय.

आपल्याच महाराष्ट्रात सांगलीला 1996 पासून ‘व्हॅम्प’ (वेश्या अन्याय मुक्ती परिषद) ही या बायांचीच संघटना काम करते. अल्पवयीन मुलगी वस्तीत आली की सर्वांत आधी त्यांनाच कळतं. त्यांना आरोपीच्या रांगेत बसवलं तर ही खबर देणार कोण?

धरमपेठी
खबर देतात हे मान्य. पण अशी संघटना प्रत्येक वस्तीत नाही, आणि जिथे नाही तिथे घरवालीच सगळ्यांच्या वतीने बोलते. कॅमेऱ्यासमोर ‘आम्ही खुशीने आहोत’ म्हणणारीच्या मागे कोण उभं आहे हे वार्ताहराने बघायला हवं. तेवढं माझं म्हणणं घ्या.

नागनदी
घेतलं. म्हणूनच विचारपूस वस्तीच्या बाहेर, घरवालीच्या नजरेआड आणि एकेकीची वेगळी व्हायला हवी. भाषा येणारी बाई सोबत हवी. बंगाली मुलीचा जबाब हिंदीत घेऊन मराठीत लिहिला की अर्धा अर्थ तिथेच सांडतो.

कलम_नोंद
@धरमपेठी, गिऱ्हाइकाबद्दल एक माहिती. संहितेचं कलम 144 बघा. समोरची व्यक्ती तस्करीतून आणलेली आहे हे माहीत असून, किंवा तसं समजायला कारण असून, तिचं लैंगिक शोषण करणाऱ्याला शिक्षा आहे. मूल असेल तर 5 ते 10 वर्षं, सज्ञान असेल तर 3 ते 7. म्हणजे कलम आहे, लावलं जात नाही. कारण गिऱ्हाईक सरकारी साक्षीदार म्हणून सोयीचा पडतो. वार्ताहराने हाच प्रश्न विचारावा: खोलीत सापडलेल्या माणसाला साक्षीदार केलं की आरोपी?

आणि 2022 च्या त्याच आदेशाबद्दल ‘सर्वोच्च न्यायालयाने वेश्याव्यवसाय कायदेशीर ठरवला’ असे मथळे झळकले होते. ते चूक. न्यायालयानेच नेमलेल्या समितीच्या दहा शिफारशी होत्या. त्यातल्या सहा लागू करायला न्यायालयाने सांगितलं आणि उरलेल्या चारांवर केंद्र सरकारने हरकत राखून ठेवली. छाप्यात सज्ञान बाईला अटक करू नये ही शिफारस त्या चारांतली, हे बहुतेक ठिकाणी छापलंच नाही. लागू झालेल्या सहांत आरोग्याची साधनं, पोलिसांची वागणूक, संरक्षणगृहांची पाहणी आणि माध्यमांबद्दलची शिफारस आहे. छापा, अटक, सुटका यांत बाई आरोपी असो वा पीडित, तिची ओळख उघड करायची नाही. गिऱ्हाइकासोबतची दृश्यं दाखवणाऱ्या वाहिन्यांना भादंवि 354-क लावायचं. आता ते संहितेचं 77.

महाल_वाडा
गंगा-जमुना या आपल्या शहरातल्या देहविक्रयाच्या वस्तीचा विषय अजून कसा निघाला नाही?

उंटखाना
निघंल ना बाप्पा. ऑगस्ट 2021. तेव्हाचे पोलीस आयुक्त अमितेश कुमार यांनी पिटाच्या कलम 7 खाली अधिसूचना काढली, सोबत जमावबंदीचं जुनं 144. लकडगंज ठाण्याची हद्द. गल्ल्याइच्या तोंडाशी बॅरिकेड्स लागले. नेत्या ज्वाला धोटे बायाइच्या बाजूनं रस्त्यावर उतरल्या, आजूबाजूच्या वस्तीतले कितीतरी लोक बंदीच्या बाजूनं उभे राहिले, प्रकरण हायकोर्टात गेलं. टीव्हीवर काय दिसलं? बॅरिकेड, धक्काबुक्की, घोषणा. वस्तीत राशन कसं पोचते, एचआयव्हीच्या गोळ्या घेणाऱ्या बाया दवाखान्यात कशा जातात, पोराइची शाळा कोणती, हे दोनचार वार्ताहराइनंच लिहिलं. एचआयव्हीच्या ह्या (एआरटी) गोळ्या मधातच बंद पडल्या तर औषधाले दाद न देणारा विषाणू तयार होते. बॅरिकेडच्या बातमीपेक्षा ही बातमी मोठी होती.

महाल_वाडा
दोन्ही बाजू खऱ्या होत्या. तिथून शाळेत जाणाऱ्या मुलींना रोज ऐकून घ्यावं लागायचं, हेही छापायला हवं होतं. आणि आम्रपाली उत्कर्ष संघाच्या विमलाश्रमात तिथल्याच बायांची मुलं शिकून मोठी झाली. बंदीच्या धुरळ्यात त्या कामाची आठवण फार थोड्यांनी ठेवली.

आकडेमोड
आता आकड्यांकडे येतो, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथे आहे.

2023 च्या जुलैमध्ये संसदेत माहिती आली की 2019 ते 2021 या तीन वर्षांत देशात 10,61,648 महिला आणि 2,51,430 मुली बेपत्ता झाल्याची नोंद झाली. महाराष्ट्राच्या 1,78,400 महिला आणि 13,033 मुली. लगेच ‘इतक्या मुली विकल्या गेल्या’ अशा पोस्ट फिरल्या. हा आकडा नोंदींचा आहे. त्यात भांडून माहेरी गेलेली, पळून लग्न केलेली, दोन दिवसांत परत आलेली, सगळ्या आहेत. सापडलेल्यांचा आकडा वेगळ्या तक्त्यात असतो आणि तो वजा न करताच मथळा होतो.

उलट मुलांच्या अपहरणाचे गुन्हे फुगलेले दिसतात त्याचंही कारण आहे. मे 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बेपत्ता मुलाच्या प्रत्येक तक्रारीवर अपहरण किंवा तस्करी गृहीत धरून गुन्हा नोंदवा आणि चार महिन्यांत मूल सापडलं नाही तर तपास मानवी तस्करीविरोधी पथकाकडे द्या. म्हणून आलेख चढला. नोंद सुधारली की गुन्हे वाढले, हे वेगळं काढल्याशिवाय ‘अपहरणात वाढ’ लिहू नये.

‘भारतात 30 लाख वेश्या’ हा आकडाही असाच फिरतो. एड्स नियंत्रणासाठी नाकोने (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्था) वस्तीवस्तीत मोजणी करून काढलेला अंदाज 8.68 लाख महिलांचा होता. दोन्हींत तिपटीहून जास्त फरक, आणि लेखात हवा तो उचलला जातो. 2006 मध्ये जर्मनीतल्या फुटबॉल विश्वचषकासाठी 40,000 बायका आणल्या जाणार असं जगभर छापून आलं. स्पर्धेशी संबंध जोडता आला अशी प्रकरणं तिथल्या पोलिसांना सापडली 5. मोठा आकडा छापला की खऱ्या पाच जणींसाठी लागणारी माणसं आणि पैसा भलत्याच ठिकाणी जातो.

सीताबर्डीकर
थोडं विषयांतर. तस्करी म्हणजे फक्त हाच धंदा असं आपण सगळे धरून चाललोय. 143 मध्ये गुलामी, वेठबिगारी, भीक मागायला लावणं, अवयव काढणं सगळं येतं. आपलं जंक्शन दिल्ली-चेन्नई आणि हावडा-मुंबई या दोन्ही मार्गांवर आहे. रेल्वे सुरक्षा दल पोरांच्या टोळ्या उतरवतं त्या बरेचदा कारखान्यांत, हॉटेलांत कामाला नेलेल्या मुलांच्या असतात. सोबतच्या ‘मामा’ला आठ पोरांची नावं धड सांगता येत नाहीत, सगळ्यांची तिकिटं एकाच मोबाइलवरून काढलेली, एकाही पोराजवळ स्वतःचा फोन किंवा पैसे नाहीत. या खुणा वाचकांना कळल्या तर 112 किंवा 1098 वर फोन जातील. विदर्भातल्या मुली लग्नाच्या नावाखाली परराज्यात विकल्या जातात तेही याच कलमात बसतं, पण ते ‘फसवून लग्न’ म्हणून आतल्या पानावर दोन ओळींत जातं.

तर्रीपोहे
@सीताबर्डीकर, हे विषयांतर नाही, हे वरच यायला हवं होतं. @डेस्कवरचा_दिवा, फोटोचं नीट सांगा ना. बातमी सावध लिहिली तरी फोटो घात करतो.

डेस्कवरचा_दिवा
पहिला नियम: छाप्याचा फोटो वापरूच नका. ठाण्याची इमारत किंवा साधं रेखाचित्र चालतं. वापरायचाच असेल तर फक्त डोळ्यांवरची काळी पट्टी उपयोगाची नाही, हनुवटी आणि केसांवरून ओळखीचे लोक ओळखतात. पूर्ण डोकं भरीव रंगाने झाका. हलका ब्लर किंवा चौकोनी पिक्सेलवर विसंबू नका, त्यातूनही चेहऱ्याचा अंदाज बांधता येतो. झाकलेली प्रत नव्याने निर्यात करा. काही अ‍ॅपमधून पाठवलेल्या फाइलमध्ये खालचा थर तसाच राहतो आणि पट्टी सरकवली की चेहरा बाहेर.

चेहऱ्याशिवाय काय दिसतं ते बघा: हातावरचं गोंदण, मंगळसूत्राची घडण, ओढणीचा रंग, दारावरची पाटी, उभ्या दुचाकीचा नंबर. फ्लॅटच्या इमारतीचं नाव छापलं की शेजारच्या घरातल्या मुलींनाही भोगावं लागतं. व्हिडिओत आवाज नुसता जाड-बारीक करू नका, तो पुन्हा पूर्ववत करता येतो. दुसऱ्या व्यक्तीकडून तोच मजकूर वाचून घ्या. आणि वेबसाइटवरच्या जुन्या बातम्या! मुलगी तीन वर्षांनी दुसऱ्या गावात उभी राहते आणि नाव टाकलं की पहिली लिंक तीच. विनंती आली की नाव काढायची पद्धत प्रत्येक संपादकाने ठरवून ठेवावी.

नागनदी
वयाबद्दल एक राहिलं. बातमीत ‘19 वर्षीय’ लिहिलेलं असतं ते बहुतेक वेळा आधारवरून. दलाल पहिलं काम करतो ते आधारवरची जन्मतारीख बदलण्याचं. बाल न्याय कायद्याच्या कलम 94 प्रमाणे आधी शाळेचा किंवा मॅट्रिकचा दाखला, तो नसेल तर महापालिका-ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि तेही नसेल तरच हाडांची तपासणी. त्या तपासणीत दोनेक वर्षांचा फरक पडू शकतो. ती 17 ची निघाली तर सगळं प्रकरण बालकल्याण समितीकडे जातं, पॉक्सो लागतो, शिक्षा कैक पट वाढते. म्हणून ‘वय कशावरून’ हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

सक्करदरा
खटले मग टिकत का नाहीत? एवढी कलमं असून?

कलम_नोंद
मुख्य साक्षीदार नागपुरात नसते म्हणून. ती बंगालला, छत्तीसगडला, बांगलादेशाला परत गेलेली असते. तीन-चार वर्षांनी समन्स जातं, ते चुकीच्या पत्त्यावर. आली तरी प्रवासखर्च, राहणं, गावात काय सांगून यायचं, असे दहा प्रश्न. फेब्रुवारी 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परजिल्ह्यातल्या, परराज्यातल्या बालपीडितांची साक्ष त्यांच्या भागातूनच व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने घेण्याची पद्धत लावून दिली. सरकारी वकिलाने तसा अर्ज केला का, हा प्रश्न खटल्याच्या बातमीत यायला हवा. नुकसानभरपाईसाठी खटला संपायची वाट बघावी लागत नाही, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अंतरिम मदतीचा अर्ज करता येतो. तो तिच्या वतीने कुणी केला का, तेही विचारा.

धरमपेठी
समजा उद्या कुठल्या पेपरने किंवा यूट्यूब चॅनलने ओळख उघड केली. साधा वाचक काय करू शकतो?

कलम_नोंद
वृत्तपत्र असेल तर आधी संपादकाला लेखी पत्र, कात्रणासह. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर प्रेस कौन्सिल. दैनिक-साप्ताहिकासाठी छापल्यापासून दोन महिन्यांत, बाकीच्यांसाठी चार महिन्यांत. टीव्ही असेल तर आधी वाहिनीकडे तक्रार, तिने 15 दिवसांत निर्णय द्यायचा. समाधान झालं नाही तर स्वनियमन संस्था, मग मंत्रालय. वेबसाइट-चॅनलला तक्रार अधिकारी असतो, त्यालाही 15 दिवस. नग्नता किंवा लैंगिक कृतीचं दृश्य असेल तर पीडितेच्या किंवा तिच्या वतीने केलेल्या तक्रारीवर समाजमाध्यमाने ते काही तासांतच काढायचं.

मुलगी 18 खालची असेल तर यात वेळ घालवू नका. पॉक्सोच्या कलम 23 खाली माध्यमाने ओळख उघड करणं हाच गुन्हा आहे, सहा महिने ते एक वर्ष. सरळ ठाण्यात जा. फक्त एक पाळा: तक्रारीला जोडायचा स्क्रीनशॉट कुठल्याही ग्रुपवर टाकू नका, या धाग्यावरही नाही.

तर्रीपोहे
@डेस्कवरचा_दिवा यांचे पाच प्रश्न, त्यात @कलम_नोंद यांचा गिऱ्हाईक साक्षीदार की आरोपी हा सहावा, आणि @सीताबर्डीकर यांनी दिलेल्या स्टेशनवरच्या खुणा, एवढं एका पानावर उतरवतोय. कुणाला काही भर घालायची असेल तर रविवारपर्यंत सांगा. नंतर ते शहरातल्या वार्ताहरांना आणि पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांना पाठवू.

उंटखाना
त्यात सातवा टाका भाऊ: छाप्यानंतर तीन महिन्यांनी त्याच प्रकरणाची बातमी पुन्हा कोण करणार, त्या वार्ताहराचं नाव आजच डायरीत लिहून ठेवा.